विषय : सात महिन्यांच्या बाळासह डोंगरातील सुट्टी : मुक्काम किती उंचीवर असावा?

मंडळाच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

आमची मुलगी पुढील महिन्यात सात महिने पूर्ण करील. तिच्या जन्मानंतरची ही आमची पहिलीच सुट्टी असल्यामुळे ती घाईगर्दीत न घालवता डोंगरात पाच दिवस निवांत राहावे, असे आम्हा दोघांच्या मनात आहे. आम्ही राहतो ते ठिकाण समुद्रसपाटीलगतच आहे. आखलेला बेत असा : पहिल्या दिवशी सहा तासांचा मोटारप्रवास करून थेट २६०० मीटर उंचीवरील हॉटेल गाठायचे, तेथे दोन रात्री राहून पुढच्या खोऱ्यातील लाकडी घरात आणखी दोन रात्री काढायच्या, आणि मधल्या एका दिवशी रोपवेने ३४०० मीटरवरील शिखर पाहून यायचे. मुलगी पूर्ण दिवसांची जन्मलेली असून तिची प्रकृती उत्तम आहे. माझ्या यजमानांना हा बेत सोयीचा वाटतो. मला मात्र उंची आणि थंडी यांची काळजी वाटते. ज्यांनी लहान मुलासह असा प्रवास केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

आपली,
एक सभासद

---

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. आपली काळजी रास्त आहे, आणि हा बेत बदलावा असे मला मनापासून वाटते. आमचा मुलगा आठ महिन्यांचा असताना आम्हीही एकाच दिवसात असेच उंचावर जाऊन मुक्काम केला होता. त्या रात्री तो दर अर्ध्या तासाने रडत उठला, सकाळी दूध नीट पिईना आणि दोनदा ओकला. दात येत असतील, अशी आम्ही स्वतःची समजूत घातली. दुपारी खटका वाटून सुमारे सातशे मीटर खाली उतरलो, आणि संध्याकाळपर्यंत तो पोटभर दूध पिऊन हसूखेळू लागला. ते अर्धा दिवस थांबणे मला आजही टोचते.

२५०० मीटरच्या आसपास हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे पाऊणपटच राहतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. मोठ्या माणसाला डोके दुखते, मळमळते, आणि ते तो सांगू शकतो. बाळ सांगू शकत नाही. त्याची किरकिर, कमी झालेले दूध, उलटी आणि मोडलेली झोप एवढ्यावरूनच आपण ओळखायचे असते. ही लक्षणे बहुधा पहिल्या चोवीस तासांत दिसतात. नव्या उंचीवर पोहोचल्यानंतर असे काही जाणवले, तर दुसरे कारण निश्चित होईपर्यंत ते उंचीमुळेच आहे असे धरून खाली उतरावे आणि डॉक्टरांना दाखवावे. दिवसा थोडे वर जाऊन येण्यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपतो, याला अधिक महत्त्व आहे. म्हणून मुक्काम १५०० मीटरच्या आसपास आणि चारही रात्री एकाच ठिकाणी ठेवावा, असे मी सुचवीन. दर दोन दिवसांनी खोली बदलली, की बाळाला झोपेची जागा नव्याने ओळखावी लागते आणि आईवडिलांचा निम्मा दिवस सामान बांधण्यात जातो.

रोपवेचा विचार सोडून द्यावा. काही मिनिटांत एवढी उंची चढणे कानांनाही त्रासदायक असते. कानांचा प्रश्न घाटातही येतो, विशेषतः उतरताना. चोखण्याने आणि गिळण्याने कानांतील दाब सारखा होतो. परंतु चालत्या गाडीत बाळाला त्याच्या खास सीटमधून काढून पाजता येत नाही, म्हणून उतारावर मध्येमध्ये सुरक्षित जागी थांबून पाजावे. एरवीही दर दोन तासांनी तिला सीटमधून बाहेर काढून मोकळे करावे. सीटच्या पट्ट्यांखाली जाड कोट घालू नये, कारण त्यामुळे पट्टे सैल राहतात. पट्टे नीट आवळून वरून पांघरूण घालावे.

थंडीच्या बाबतीत एक गोष्ट सहज निसटते. दर हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते, आणि पाठीवरच्या झोळीत बसलेले बाळ हालचाल करीत नाही. उचलणारा घामाघूम झालेला असतो, आणि बाळाचे लोंबते पाय गार पडलेले असतात. तळहातांवरून अंदाज घेऊ नये. मानेमागे हात लावून पाहावे. उन्हाचेही तसेच : दर हजार मीटरला अतिनील किरणे सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतील ऐंशी टक्क्यांपर्यंत परावर्तित करतो, त्यामुळे रुंद काठाची टोपी आणि सावली दोन्ही हवीत.

रात्री मात्र टोपी काढावी, सैल पांघरूण टाळून बाळांसाठीची झोपेची पिशवी वापरावी, आणि घरात शेगडी असेल तर कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूची सूचना देणारे यंत्र बसवले आहे की नाही, हे आरक्षण करण्यापूर्वीच विचारावे. निघण्यापूर्वी तिच्या डॉक्टरांना उंचीचे आकडे दाखवावेत. त्या सुमारास सर्दी किंवा छातीत कफ असेल, तर सुट्टी पुढे ढकलण्याचे वाईट वाटून घेऊ नये.

आपला,
दोन मुलांचा बाबा

---

दादा,

आपले पत्र आम्ही दोघांनी एकत्र बसून वाचले. दोन्ही आरक्षणे रद्द करून १४०० मीटरवरील एका घरात चारही रात्री राहण्याचे ठरवले आहे. तेथे लाकडाची शेगडी आहे आणि सूचना देणारे यंत्र नाही, असे मालकांनी कळवले. त्यामुळे तसे यंत्र आम्ही सोबत नेत आहोत, आणि शेगडी न पेटवता विजेचा हीटरच वापरणार आहोत. प्रवासही सकाळच्या तिच्या झोपेच्या वेळी सुरू करू. डॉक्टरांची भेट येत्या गुरुवारी आहे. त्या काय म्हणतात ते येथे अवश्य कळवीन.

आपली,
एक सभासद