अनुभव धागा: ‘सगळे सारखेच’ हे वाक्य तुमच्या तोंडून कसं सुटलं?

गेली काही वर्षं कुणी चांगलं काही करताना दिसलं की मनात पहिला प्रश्न यायचा, ‘यात याचा काय फायदा?’ उत्तर सापडायचंच, कारण शोधलं की सापडतं. मी याला अनुभवातून आलेलं शहाणपण समजत होते. जवळच्या मैत्रिणीने एके दिवशी सांगितलं की आनंदाची बातमी ती मला सर्वांत शेवटी देते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

अशा, कुणाच्याच चांगुलपणावर विश्वास नसलेल्या माणसाला इंग्रजीत ‘सिनिक’ म्हणतात. हा शब्द प्राचीन ग्रीसमधल्या एका पंथावरून आला. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला डायोजेनिस हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध. संपत्ती आणि मानमरातब त्याने झुगारले ते सद्गुणी जगता यावं म्हणून. आपण मात्र सद्गुण असतो हेच नाकारतो. हे मला फार लागलं.

तुमच्यात हे कुठून आलं? कमी झालं असेल तर कशाने? झालं नसेल तरी लिहा.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. सुरुवातीच्या वर्षांत पेशंट गेला की घरी येऊन रडायचे. मग रडणं थांबलं आणि मला वाटलं, आपण तयार झालो. पुढे माणसांची नावं गेली, खाटांचे नंबर राहिले. ‘सात नंबर सारखी बेल वाजवतो’, ‘बारा नंबरचे नातेवाईक नाटकी आहेत’, असं बोलणं सुरू झालं.

एका रात्री एक आजोबा पोटात दुखतंय म्हणून तीनदा बोलावत होते. तिसऱ्यांदा मी तपासलंही नाही, ‘झोपा आता’ म्हणाले. पहाटे लक्षात आलं की त्यांची लघवीची नळी तुंबली होती. मूत्राशय टम्म फुगलं होतं. नळी बदलल्यावर त्यांना आराम पडला आणि त्यांनी मला हात जोडले. त्यांनी तक्रार केली असती तर मला सोसलं असतं. ते हात मला अजून दिसतात.

नंतर वाचलं की क्रिस्टिना मॅस्लॅक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी कामाच्या थकव्याचा अभ्यास करताना हा कोरडेपणा त्या थकव्याचाच एक भाग मानला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणातही ‘बर्नआउट’च्या वर्णनात कामाविषयीचा सिनिकपणा येतो. म्हणजे मी दुष्ट झाले नव्हते, संपले होते. मला उपदेशाने काही झालं नसतं. सलग रात्रपाळ्या बंद करून घेतल्या, झोप मिळाली, मग माणसं दिसायला लागली. आता प्रत्येकाला आजाराशी संबंध नसलेला एक तरी प्रश्न विचारते.

कोरा कागद

भागीदाराने फसवलं. दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून प्यावं म्हणतात, मी ताकच सोडलं होतं. आता सगळं लिहून घेतो, अगदी सख्ख्या भावाकडूनही. समोरच्याच्या मनात काय असेल हे ओळखत बसायची गरज उरली नाही, म्हणून माणसं पुन्हा आवडायला लागली.

अंदाजवही

माझा बदल एका प्रयोगाने झाला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४० देशांतल्या ३५५ शहरांत १७ हजारांवर ‘हरवलेली’ पाकिटं लोकांच्या हाती दिली होती. जवळजवळ सगळ्या देशांत, ज्यात पैसे होते ती पाकिटं रिकाम्या पाकिटांपेक्षा जास्त परत आली. सामान्य लोकांना आधी अंदाज विचारला, तर त्यांनी उलटं सांगितलं होतं. मीही तेच सांगितलं असतं.

मग वही केली. कुणाकडे मदत मागण्याआधी तो काय करेल ते लिहायचं, नंतर घडलं ते लिहायचं. निम्म्याहून जास्त वेळा मी चुकलो, आणि माणसं माझ्या अंदाजापेक्षा बरी निघाली. एक गोष्ट तेव्हा कळली. ज्याच्यावर विश्वास टाकला त्याने दगा दिला तर ते आपल्याला कळतं. ज्याच्यावर टाकलाच नाही तो भला होता का, हे कधीच कळत नाही. त्यामुळे संशयी माणसाची चूक दुरुस्त व्हायला वावच मिळत नाही.

लेखापाल

थोडा विरोध नोंदवतो. हिशेब तपासणं हा माझा पेशा, संशय हे माझं हत्यार. सगळ्यांनी भाबडं व्हावं असं म्हणणं असेल तर मी नाही त्यात. पण संशय घेणारा कागद मागतो, सिनिक कागद न बघताच निकाल देतो. तो आळस आहे आणि त्याला हुशारी समजलं जातं. ३० देशांतल्या सुमारे दोन लाख लोकांच्या माहितीवरचं एक संशोधन २०१८ मध्ये आलं. बुद्धीच्या चाचण्यांत सिनिकल माणसं सरस ठरली नाहीत, उलट मागे पडली. जास्त कुवतीची माणसं सरसकट सिनिकल नसतात, भोवतालची परिस्थिती तशी असेल तिथेच होतात.

जुनं हजेरीपत्रक

माझं कमी झालेलं नाही. सहा वर्षं एका संस्थेच्या रात्रवर्गात फुकट शिकवलं. प्रमुखाने देणग्या स्वतःच्या घराला लावल्या. आम्ही विचारलं तेव्हा आम्हालाच कृतघ्न ठरवलं. आता कुणी चांगल्या कामासाठी बोलावलं तर आधी हिशेब मागतो आणि विषय संपवतो. मुलांचं हजेरीपत्रक मात्र फेकवत नाही.

लेखापाल

हिशेब मागत राहा, ते बरोबरच आहे. पण कुणी दिला आणि चोख निघाला, तर पुढे काय करता?

जुनं हजेरीपत्रक

आजवर कुणी दिलाच नाही, असं लिहायला बसलो होतो. एका बाईंनी दिला होता, तीन वर्षांचा, पावत्यांसकट. मी तो उघडला नाही. आत्ता शोधून काढलाय, वाचतोय.