प्रति: घाटातल्या हाफ आयर्नमॅनची (पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायच्या शर्यतीची) तयारी

"सपाटीवर किलोमीटर वाढवले की घाट आपोआप जमतो," असं वर कुणीतरी लिहिलंय. नाही जमत हो! मी साताऱ्याचा. हायवेवर ९० किलोमीटर सायकल आरामात व्हायची, पण यवतेश्वर घाटात पहिल्याच रविवारी मांड्या भरून आल्या. मग दर आठवड्याला एकदा कासपर्यंत चढ, हलक्या गिअरवर, बसूनच. उतरताना ब्रेक सतत धरून ठेवू नका (रिम तापते), वळणाआधी दाबा आणि सोडा. खरी गंमत खाली आल्यावर. सायकल भिंतीला टेकवायची आणि लगेच ५ किलोमीटर धावायचं. पाय अक्षरशः लाकडाचे! शर्यतीत सायकलच्या ९० किलोमीटरनंतरचे धावण्याचे २१.१ किलोमीटर असेच सुरू होतात. पोहण्याचे १.९ किलोमीटर मी तरण तलावातच घोटले. फक्त उघड्या पाण्यासाठी मान वर काढून दिशा बघायची सवय लावा.