पद्मिनीच्या डिकीतून स्टेपनी काढणाऱ्यांना उत्तर

नौपाडाकर
काल इथे एकाने आपल्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या डिकीचा फोटो टाकला. आत लाल गालिचा, कडेला पितळी पट्टी आणि खाली ओळ: "स्टेपनी, जॅक घरी काढून ठेवले. उगाच वजन आणि घाण. पंक्चर झालंच तर फोन करायचा, माणूस येतो." खाली नुसती वाहवा. राहवलं नाही, म्हणून लिहितोय.

गाडी नुसती मांडून ठेवायची असेल तर खुशाल गालिचा घाला. रस्त्यावर काढणार असाल तर स्टेपनी गाडीतच हवी. फोनवर आलेला पोरगा ट्यूबला पॅच मारेल, पण टायरची बाजू फाटली तर ५.२०-१४ या जुन्या मापाचा टायर आणणार कुठून? मग गाडी टो होणार. जुन्या गाडीला हूक कुठे लावायचा हे त्याला ठाऊक नसलं की बंपर गेलाच.

आणि स्टेपनी नीट ठेवा. कंपनीने दिलेल्या जागीच, पण पट्ट्याने घट्ट आवळून. जॅक, टॉमी (जॅक फिरवायचा दांडा), पाना जाड कॅनव्हासमध्ये गुंडाळून तिलाच बांधा, म्हणजे करकचून ब्रेक मारल्यावर जॅक मागच्या सीटवर येऊन आदळणार नाही. जॅकच्या आट्यांना ग्रीस लावा. पावसाळ्याआधी स्टेपनी उचलून खालचा पत्रा बोटांनी चाचपा. डिकीच्या रबरातून झिरपलेलं पाणी तिथेच साचतं. रंगाला फुगे आलेले हाताला लागले, की आतून गंज धरलाय समजा.

सीवूड्सची अँबी
अहो, म्हणूनच लोक काढून ठेवतात! आमच्याकडे खाडीची हवा. माझ्या अँबॅसिडरचा तळ बरोब्बर स्टेपनीखाली सडला, तुकडा कापून नवा वेल्ड करावा लागला. रविवारी सकाळी नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर एक चक्कर मारून घरी येणाऱ्याने हे ओझं का वाहायचं? सरकारनेसुद्धा २०२० मध्ये स्टेपनीची सक्ती काढली.

नौपाडाकर
अर्धा नियम सांगू नका. ती सवलत ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचा किट आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असलेल्या गाड्यांना आहे. तुमच्या अँबीत यातलं काय आहे? आणि पत्रा स्टेपनीने नाही, गळक्या रबराने खाल्ला. आधी रबर बदला.

घोडबंदरचा रोजचा
पाम बीचवाल्यांनी या विषयावर बोलूच नये. पावसाळ्यात घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या घाटात या एकदा. जेएनपीटी बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनर, त्यात खड्डा पाण्याने भरलेला, खोली कळत नाही. गेल्या जुलैत रात्री माझी रिम वाकली आणि ट्यूब फाटली. कडेच्या चिखलात जॅक सरळ खाली जायला लागला. डिकीत फळी होती, ती खाली घातली तेव्हा कुठे गाडी उचलली. बायको मागे टॉर्च घेऊन उभी, कंटेनर अंगावरून गेल्यासारखे जात होते. फोन करून तिथे तास-दीड तास थांबायचं? दरवर्षी तोच रस्ता खणतात, दरवर्षी तेच. यावर कोणी धागा काढत नाही!

कोपरी गॅरेज
खड्डे नंतर. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी पद्मिनींत चार चाकांना रेडियल, म्हणजे हल्लीच्या बनावटीचे टायर, आणि डिकीत जुना क्रॉस-प्लाय, म्हणजे आधीच्या बनावटीचा, असतो. एका अ‍ॅक्सलवर दोन्ही मिसळले की वळणावर गाडी ओढते, ओल्या रस्त्यावर जास्तच. टायरच्या बाजूवरचा तारखेचा कोड बघा. शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. तीनच आकडे असतील तर तो टायर २००० च्या आधीचा. अशी स्टेपनी असून नसल्यासारखी.

मूळचीच बरी
मुळात रेडियल घालायचेच कशाला? कुर्ल्याच्या कारखान्यातून ती गाडी क्रॉस-प्लायवर निघाली. स्टीअरिंगची मजा त्यातच आहे. तुम्ही गॅरेजवालेच लोकांना नादी लावता.

कोपरी गॅरेज
मजा? चारही चाकांना ड्रम ब्रेक, वर कडक झालेले टायर, आणि समोर रिक्षा आडवी आली तर? मी कोणाला नादी लावत नाही. आलेलं गिऱ्हाईक जिवंत घरी जावं एवढंच बघतो.

मूळचीच बरी
आवाज चढवू नका. वडिलांनी याच टायरांवर ठाण्याहून कोकणात गाडी नेली, दरवर्षी गणपतीला.

कोपरी गॅरेज
तेव्हा ते टायर नवे होते हो! मी क्रॉस-प्लायला नाही म्हणत नाही, घाला. पाचही एकाच जातीचे आणि ताजे घाला, विषय संपला.

मूळचीच बरी
पाचही ताजे, हे मान्य. रेडियल मात्र माझ्या गाडीला लागणार नाही.

सीवूड्सची अँबी
लांब जाताना स्टेपनी घेईन, पट्टाही लावेन. पाम बीचसाठी नाही म्हणजे नाही.

घोडबंदरचा रोजचा
आणि फळी! फळीबद्दल कोणीच काही बोललं नाही. फूटभर रुंद, जाड लाकडाची घ्या. पातळ प्लाय चिखलात जॅकखाली मोडतो.