ग्वाल्हेर पगार-पेन्शनवर चालतं, धंद्यावर नाही. पटतंय का?

लष्करकर
ग्वाल्हेरचा व्यापार मेळा उठला की दरवर्षी तीच बातमी: एवढ्या कोटींची उलाढाल, एवढ्या हजार गाड्या खपल्या. आपल्याकडच्या मंडळींना त्याचा भारी अभिमान. १९०५ साली माधो महाराजांनी (माधवराव शिंदे) सुरू केलेला मेळा आहे, अभिमान असावाच. पण त्या उलाढालीतलं ग्वाल्हेरात राहतं काय? गाडी बनते चाकणला नाहीतर मानेसरला. गर्दी होते ती मेळ्यात रस्ता कर निम्मा माफ होतो म्हणून. सवलतीचा हुकूम निघेपर्यंत शोरूमवाले हात बांधून बसलेले असतात. म्हणजे सरकारने स्वतःचा महसूल सोडायचा आणि आपण त्याला बाजारपेठ म्हणायचं. इथे उरतं ते डीलरचं कमिशन आणि सॉफ्टी-पापडवाल्यांचा गल्ला.

मग शहर चालतं कशावर? १ नोव्हेंबर १९५६ ला राजधानी भोपाळला गेली. त्याआधी मध्य भारताची हिवाळी राजधानी आपण होतो. बदल्यात हायकोर्टाचं खंडपीठ, रेव्हेन्यू बोर्ड, ए.जी. (महालेखापाल) ऑफिस, ट्रान्सपोर्ट आणि एक्साइज कमिशनरची कार्यालयं मिळाली. म्हणजे पगार मिळाले, आणि पुढे त्याच पगारांची पेन्शनं झाली. नया बाजार, सराफा, शाळा, क्लासेस, घरभाडी, सगळं त्यावर. आता ही पेन्शनवाली पिढी सत्तरीच्या पुढे आहे. केंद्रात १ जानेवारी २००४ आणि राज्यात २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. पंधरा-वीस वर्षांनी बाड्यावरच्या बाजारात खरेदीला कोण येणार, हा माझा प्रश्न आहे.

हजिऱ्याचा नातू
काका, तुमच्या यादीत जे.सी. मिल, म्हणजे जियाजीराव कापड गिरणी, कुठेच नाही! आपल्या मराठी माणसाला ग्वाल्हेरचा इतिहास म्हणजे ऑफिसचा इतिहास वाटतो. १९२१ ला महाराजांच्या बोलावण्यावरून बिर्लांनी मिल काढली आणि हजिरा-बिर्लानगर वसलं. त्या भागात दुकानदार महिनाभर उधारीवर माल द्यायचा, कारण मिलचा पगार कधी होणार ते त्याला ठाऊक होतं. ग्वालियर सूटिंग देशभर विकलं जायचं. नव्वदीच्या सुरुवातीला मिल बंद पडली आणि कामगार थकबाकीसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिले. तेव्हा तुमच्या लष्कर भागात कुणाची दिवाळी अडली नाही, म्हणून ते कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. ग्वाल्हेर धंद्यावर चालतच होतं. तो धंदा तुमच्या गल्लीत नव्हता, इतकंच.

दाल_बाजार
दोघांनाही रडायची फार हौस दिसते. मी व्यापारी माणूस, मला कारखान्याचं एवढं कौतुक नाही. भिंड, मुरैना, दतिया, शिवपुरी, श्योपूर, एवढ्या मुलखातला माणूस आजारी पडला की जयारोग्य रुग्णालयात येतो, खटला असला की खंडपीठात येतो, पोराला शिकवायचं असलं की जीवाजी विद्यापीठात नाहीतर माधव इन्स्टिट्यूटमध्ये घालतो. येताना रिकाम्या हाताने येतो आणि जाताना घी, कपडा, औषधं, लग्नाचा बस्ता घेऊन जातो. हे उत्पन्न नाही तर काय? मुंबईत तरी आता कुठे गिरण्या राहिल्यात?

आणि पेन्शनचं म्हणाल तर, लष्करकर, १ एप्रिल २०२५ पासून केंद्राने यूपीएस, म्हणजे एकीकृत पेन्शन योजना, आणलीय. पंचवीस वर्षं नोकरी झाली की शेवटच्या वर्षाच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्म्याची हमी. तेव्हा एवढ्यात तेराव्याची तयारी नको.

इंदूरची_सून
माहेर दौलतगंज, सासर इंदूर, त्यामुळे दोन्हीकडची बोलणी खाते. इंदूरच्याही मिल गेल्याच. हुकूमचंद मिल १९९१ ला बंद झाली आणि कामगारांच्या देण्याचा २२४ कोटींचा चेक निघाला डिसेंबर २०२३ मध्ये. मधल्या ३२ वर्षांत किती जण गेले ते विचारू नका. पण तोवर शेजारी पिथमपूरची औद्योगिक वसाहत उभी राहिली होती, म्हणून शहर तगलं. तुमच्याकडे बाणमोर होतं, मालनपूर होतं. त्यांचं काय झालं?

मुरारकर
मालनपूर भिंड जिल्ह्यात आहे आणि बाणमोर मुरैन्यात. महसूल त्यांचा, धूर आपला.

इंदूरची_सून
दादा, पिथमपूरही धार जिल्ह्यात आहे. इंदूरला त्याने काही बिघडलं नाही.

मालनपूर_शिफ्ट
रोज त्या रस्त्याने बसने जातो, म्हणून लिहितो. फरक जिल्ह्याचा नाही, मालाचा आहे. पिथमपूरला आयशरचे ट्रक आणि फोर्सच्या गाड्या बनतात. एका ट्रकला शेकडो सुटे भाग लागतात: कुणी ब्रॅकेट बनवतो, कुणी रबर, कुणी नुसती पावडर कोटिंग करतो. मोठ्या गेटभोवती अशा छोट्या शेडी आपोआप उगवतात आणि कामगारातलाच एखादा हुशार गडी दहा वर्षांनी स्वतःची लेथ टाकतो. मालनपूरला चॉकलेट, साबण, धागा. कच्चा माल टँकरने येतो, पक्का माल ट्रकने जातो. त्यात बाहेरच्या छोट्या माणसाला शिरायला फट कुठे आहे? पॅकिंगचे खोके, कँटीन, लेबर ठेका आणि गाड्या. ठेका कुणाला मिळतो ते इथे लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे.

शिवाय ऐंशी-नव्वदच्या दशकात बरेच जण मागास जिल्ह्याच्या करसवलतीसाठी आले होते. सवलतीची वर्षं भरली आणि शटर पडली. रिकाम्या शेडी बसमधून मोजता येतात. जे टिकले ते चांगले चालतात, हेही सांगतो. पण साहेब लोक संध्याकाळी ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरला परत जातात आणि खरेदीचे निर्णय मुंबई-दिल्लीत होतात.

साडा_पीडित
साडाचं, म्हणजे विशेष क्षेत्र विकास प्राधिकरणाचं, नाव कुणीच काढलं नाही! दिल्लीची गर्दी वळवायला नवं ग्वाल्हेर वसवणार होते. रस्ते झाले, खांब लागले. गर्दी येतेच आहे.

लष्करकर
दाल_बाजार, यूपीएस केंद्राची आहे. ए.जी. ऑफिसातल्या पोराला ती मिळेल, मोतीमहालातल्या राज्याच्या बाबूला त्याने काय मिळणार? आणि तुम्ही ज्या भिंड-मुरैन्याच्या गिऱ्हाइकावर भिस्त ठेवलीय त्याच्या खिशातला पैसा येतो कुठून ते पाहा. मोहरीतून थोडा, पण बराचसा फौजेतून. तिथे घरटी एक जवान. तो निवृत्त झाला की फंडातून ग्वाल्हेरात प्लॉट घेतो, बायको-पोरांना शिकायला इथे ठेवतो. दीनदयाल नगर, पिंटो पार्क, सगळा भाग अशा घरांनी भरलाय. फौजेची पेन्शन २००४ च्या बदलातून वाचली होती. पण २०२२ पासून अग्निवीर आहे: चार वर्षं, पंचवीस टक्के कायम, बाकीचे पावणेबारा लाखांच्या आसपास सेवानिधी घेऊन घरी, पेन्शन शून्य. त्या जूनमध्ये बिर्लानगर स्टेशनवर पोरांनी तोडफोड केली. तोडफोडीचं समर्थन नाही, पण हिशेब त्यांना आपल्याआधी कळला होता. पावणेबारा लाखांत ग्वाल्हेरात कुठे प्लॉट येतो, सांगा.

दाल_बाजार
येत नाही, मान्य. पण तो पोरगा चोविसाव्या वर्षी शिस्त आणि भांडवल घेऊन परत येतोय. तो टेम्पो घेईल, तेलघाणी टाकेल, एजन्सी घेईल. प्लॉटमध्ये पैसा गाडण्यापेक्षा हे बरं की नाही? तुमच्या पिढीने पैसा एफडीत आणि जमिनीत पुरला, म्हणून तर शहरात धंद्याला भांडवल मिळालं नाही.

हजिऱ्याचा नातू
चोवीस वर्षांच्या मुलाने तेलघाणी टाकायची आणि पाणी-वीज कोण देणार? मुरैन्यात आधीच किती तेलगिरण्या आहेत! तुम्ही द्याल का त्याला महिन्याची उधारी?

दाल_बाजार
ओळखीचा असेल तर देतो. नसेल तर जामीन आण म्हणेन. त्यात काय चुकलं?

पुण्यातून
माझ्या वर्गातले निम्मे पुणे-बंगळुरात आहेत, मीही. ऑगस्ट २०२४ मध्ये ग्वाल्हेरला ते इंडस्ट्री कॉन्क्लेव्ह झालं. त्याच महिन्यात आग्रा-ग्वाल्हेर सहापदरी ८८ किलोमीटरच्या रस्त्याला मंजुरी मिळाली. विमानतळाची नवी इमारतही झालीय. आता तरी परत यावं का?

मालनपूर_शिफ्ट
रस्ता झाला की माल लवकर येईल. तसाच आपला गिऱ्हाईकही लवकर दिल्लीला जाईल. या, पण नोकरी शोधत येऊ नका. एखादी बनवण्यासारखी वस्तू आणि तिचा बाहेरगावचा खरेदीदार बरोबर घेऊन या. शेड मी दाखवतो, भाड्याने मिळते.

दाल_बाजार
आणि पाण्याचा टँकर आत्ताच बांधून ठेवा. उन्हाळ्यात तिघरा धरण आटलं की नळाला एक दिवसाआड पाणी असतं. लष्करकर म्हणतील, तेही भोपाळने नेलं.

लष्करकर
तिघरा १९१६ चं आहे, ते तरी भोपाळने नेलं नाही. शहर तेव्हा केवढं होतं आणि २०११ च्या जनगणनेत साडेदहा लाखांवर गेलं. चंबळचं पाणी येतंय म्हणतात. ते आधी मालनपूरला द्यायचं की शहराला, यावर बोला.

मुरारकर
मुरारला.