पहिला कॉम्बॅट रोबोट करायचाय, थेट स्पिनर करावा का?

खानापूर_मेक:
नमस्कार मंडळी. मी खानापूरचा, बेळगावात डिप्लोमा मेकॅनिकल सेकंड इयरला आहे. आम्ही तिघं मित्र मिळून कॉम्बॅट रोबोट, म्हणजे रिमोटवर चालवून दुसऱ्या रोबोटशी लढवतात तो, करायचं ठरवलंय. यूट्यूबवर बॅटलबॉट्स बघून बघून डोक्यात त्यातला टूमस्टोन रोबोट बसलाय, पुढं आडवा पाता गरगर फिरणारा स्पिनर, तसलाच करूया असं मित्राचं म्हणणं, मलाही तेच पाहिजे, खरं घरचे पात्याचं ऐकून घाबरलेत. कॉलेजांच्या स्पर्धांत ८ किलो, १५ किलो असे गट दिसतात म्हणून ८ किलोचा विचार होता. बजेट तिघांचं मिळून १५ हजार. मागच्या प्रोजेक्टचं आर्डुइनो उनो बोर्ड, एल२९८एन मोटर ड्रायव्हर आणि ३०० आरपीएमच्या दोन जॉन्सन मोटर आहेत, ते चालेल काय? बॉडी ॲक्रिलिकची कापून घेणार होतो. कुणी केलं असेल तर सांगा, कुठनं सुरुवात करू?

निपाणी_आरसी:
भावा, ८ किलो आत्ता डोक्यातनं काढ. १५ हजारात ८ किलोची मोटर, ईएससी (रिमोटच्या सिग्नलप्रमाणे मोटरचा वेग कमीजास्त करणारा बोर्ड), बॅटरी, चार्जर, रिमोट हे सगळं बसत नाही, आणि बसवलंस तरी पहिल्या मॅचला काही जळलं की परत घ्यायला पैसे उरत नाहीत. दीड किलोचा कर. त्याच साइजला काही ठिकाणी ३ पाउंड म्हणजे १.३६ किलोची मर्यादा असते, त्यामुळे जिथं उतरणार तिथली नियमावली आधी वाच आणि १.३ किलोच्या आतच डिझाइन संपव. वायर, स्क्रू, सोल्डर यांचं वजन कुणी धरत नाही आणि तेच शेवटी नडतं.

तुझ्याकडचं सामान बाजूला ठेव. आर्डुइनोची गरजच नाही, रिमोटच्या रिसीव्हरमधनं सिग्नल थेट ईएससीला जातो, कोड लिहायचं कामच नाही. एल२९८एन एका चॅनलला २ अँपिअरचा आणि वरनं व्होल्टेज पण खातो, रोबोट भिंतीला अडकून मोटर जाम झाली की करंट त्याच्या पार पुढं जातो आणि तो गेलाच समज. ब्रश मोटरचे दोन ईएससी घे. जॉन्सन मोटर दीड किलोच्या गटाला जड, शिवाय ३०० आरपीएमला ५० मिमीचं चाक लावलंस तर सेकंदाला पाऊण मीटरच्या आसपास, समोरचा गोल फिरून मागनं येईल. तीच चाकं १००० आरपीएमला सेकंदाला अडीच मीटरच्या वर जातात, ते बरोबर आहे. रिमोट म्हणशील तर फ्लायस्कायचा आय६ सहा चॅनलचा, २.४ गिगाहर्ट्झचा, पहिल्याला पुरे. एक गोष्ट आल्याआल्या कर, रोबोट उलटा ठेवून चाकं फिरव आणि रिमोट बंद कर. चाकं जागच्या जागी थांबली पाहिजेत. नाही थांबली तर फेलसेफ (सिग्नल गेला की मोटर बंद) सेट करेपर्यंत जमिनीवर ठेवायचाच नाही.

आता पात्याबद्दल. टूमस्टोन ज्या गटातला तो २५० पाउंडाचा आहे, ११३ किलो. तुझ्या दीड किलोत समज पाव किलोचा, १६ सेंटीमीटर लांबीचा बार ८००० आरपीएमला फिरवलास. हिशोब करून बघ, साधारण १८५ ज्यूल येतात, म्हणजे दीड किलोचं वजन चार मजल्यांवरनं सोडल्यासारखं, आणि पात्याचं टोक ताशी २४० किलोमीटरने फिरतंय. घरचे घाबरलेत ते बरोबरच घाबरलेत. आणि ऊर्जा आरपीएमच्या वर्गाने वाढते, वेग दुप्पट केलास की मार चौपट, म्हणून "थोडंसं फास्ट करू" असं म्हणायचं नाही. वेज कर, म्हणजे पुढं जमिनीला घासणारी उतरती पाटी. समोरच्याचा बार त्यावर आपटून वर सरकतो, तुझं काम ढकलायचं. पहिल्या रोबोटवर गाडी चालवायला शिकायचं असतं, हे मी मनापासून सांगतोय, कारण चांगला चालवणारा साध्या वेजनं भारी स्पिनरला भिंतीत कोंडतो.

उद्यमबाग_टर्नर:
तुम्ही पोरं हे करुलालाव बघून लई बरं वाटलं. लेथवरच आयुष्य गेलंय माझं, म्हणून मटेरियलचं तेवढं सांगतो.

ॲक्रिलिक अजिबात नको बाळा, एका दणक्याला काचेसारखं फुटतंय. पारदर्शक पाहिजेच तर पॉलिकार्बोनेट घे, तेवढं त्याला लॉकटाइट (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावतात तो गोंद) लागू देऊ नको, भोकाभोवती चिरा जातात. खरं दीड किलोला त्याचीही गरज नाही, भाजी चिरायचा जाड प्लास्टिकचा बोर्ड मिळतो ना, एचडीपीईचा, तो घे. हॅकसॉनं कापतंय, ड्रिल होतंय, मार खाऊन वाकतंय पण तुटत नाही. वेजला माइल्ड स्टील वापरलास तर दोन मॅचमध्ये पत्रा वाकून जमिनीपासून वर उठणार आणि समोरच्याला खाली शिरायला जागा मिळणार. स्प्रिंग स्टील बघ. ट्रकच्या पाट्याचा तुकडा भंगारात मिळतोय, खरं तो जाड, दीड किलोला वजनात बसणार नाही, पातळ पट्टी शोध. हार्ड झालेल्या पट्टीला ड्रिल लागत नाही, त्याला वायर कट (विजेच्या तारेनं कापणं) नाहीतर लेझर, नाहीतर आधी नरम करून भोकं पाडून परत हार्डनिंग, म्हणजे लाल तापवून बुडवणं. हार्डनिंग केलास की टेंपरिंग, म्हणजे परत थोडं तापवणं, करायचंच. नुसतं पाण्यातनं काढलेलं लोखंड ठिसूळ असतंय, आणि फिरणाऱ्या पात्याचा तुकडा उडाला तर तो कुणाच्या अंगावर जाईल सांगता येत नाही. बोल्ट कमीत कमी ८.८ ग्रेडचे, साधे हार्डवेअर दुकानातले नको.

एक-दोन पीससाठी कुठलाबी मोठा कारखाना मशीन सेट करत नाही, तुम्ही गेलात की "नाही" म्हणणार. उद्यमबागेत नाहीतर मच्छे साइडला लहान शॉप असतात तिथं जा, नीट ड्रॉइंग काढून, मिलिमीटरमध्ये, टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) टाकून. बोलायला मराठी कन्नड काहीही चालतंय. खरं मोबाइलवरचा फोटो दाखवून "असं पाहिजे" म्हटलास तर कोण हात लावणार नाही. आणि मशीनवर दुसरा जॉब चालू असेल तर थांबायची तयारी ठेवा.

शहापूर_इलेक्ट्रॉनिक्स:
सगळे पत्रा आणि पात्याबद्दल बोलताय पण लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीचं कुणीच नाही बोललं, आणि ज्याने घर जळू शकतं ती गोष्ट तीच आहे. मी याच विषयाची लॅब सांभाळते म्हणून जरा जास्तच लिहिते.

३एस पॅक घे, म्हणजे तीन सेलचा, ११.१ व्होल्ट. फुल चार्जला प्रत्येक सेल ४.२ व्होल्ट, म्हणजे १२.६. चार्जर बॅलन्सवालाच, म्हणजे सगळे सेल सारखे भरणारा, त्याचा बारीक कनेक्टर पण लावायचा. करंट १सी, म्हणजे पॅकच्या क्षमतेएवढा, ८५० एमएएचच्या पॅकला ०.८५ अँपिअर, घाई म्हणून वाढवायचा नाही. ३ मिनिटांच्या मॅचला ८५० एमएएच म्हणजे सरासरी १७ अँपिअर झाले, वेजला तेवढं भरपूर आहे. वापरताना सेल ३.३ च्या खाली जाऊ द्यायचा नाही, आणि ठेवून द्यायचा तर ३.८ ला आणून ठेव, फुल चार्ज करून आठवडाभर कपाटात नाही. फुगलेला पॅक चार्जला लावायचाच नाही, तो अजून चालतोय असं वाटलं तरी. चार्जिंग फरशीवर, पडदा गादीपासून लांब, समोर कुणीतरी बसलेलं, आणि शेजारी कोरड्या वाळूची बादली.

ब्रेडबोर्डच्या जंपर वायरी विसर, पहिल्या धक्क्यात निघतात. सिलिकॉन वायर, सोल्डर, वर हीटश्रिंक. आणि मेन पॉवर एका एक्सटी कनेक्टरच्या (मोठ्या करंटचा प्लग) लिंकमधून ने, जो कव्हर न उघडता बाहेरून उपसता येतो. रोबोट वेडा झाला तर तुला आत हात घालावा लागता कामा नये. स्पर्धेत तपासणीला हे बघतातच.

खानापूर_मेक:
ताई, काका, दादा, सगळ्यांचे लई आभार. मित्राला वाचायला दिलं, तो आधी रुसला खरं १८५ ज्यूलचा हिशोब स्वतः करून बघितला आणि गप्प झाला. दीड किलो वेज फिक्स. एकच शंका, आम्ही जी नियमावली बघितली त्यात हलणारं हत्यार पाहिजेच असं लिहिलंय, नुसता वेज चालत नाही. मग?

निपाणी_आरसी:
मग त्याच वेजला लिफ्टर कर. पाटी बिजागरीवर बसव आणि मेटल गियरचा २० किलो-सेंटीमीटरचा सर्वो (ठरल्या कोनापर्यंत फिरणारी मोटर) लाव. हात १० सेंटीमीटरचा धरलास तर टोकाला २ किलो उचलायची ताकद होते, समोरच्याला एका बाजूनं उचलायला त्याच्या वजनाच्या निम्मं लागतं, म्हणजे मार्जिन चांगलं आहे. सर्वो थेट बॅटरीला जोडू नको, बहुतेक ६ व्होल्टच्या आसपासचे असतात, मधे बीईसी (व्होल्टेज कमी करून देणारा छोटा बोर्ड) टाक. आणि धक्का सर्वोच्या गियरवर येऊ नये म्हणून पाटी खाली असताना ती चॅसिसवर टेकली पाहिजे.

उद्यमबाग_टर्नर:
बिजागरी बाजारातली नको, पिन आणि बुश (पिन ज्यात फिरते ती नळी) करून घ्या, पिन ईएन-२४ स्टीलची. ड्रॉइंग झालं की इथं टाका, भोकांची मापं मी बघून देतो.