सावधपणा की भीतीची सवय? साधनेत ओळखायचं कसं?

पाऊलवाट
बौद्ध ध्यानसाधनेत काही टाळलं की मनाकडे कारण तयारच असतं. अधिष्ठानात, म्हणजे न हलता बसायच्या बैठकीत, गुडघा दुखला की 'शरीराला छळू नये'. शिबिर पुढे ढकललं की 'अजून तयारी नाही'. कटू पण गरजेचं बोलणं टाळलं की 'वाचेचं शील सांभाळलं'. यातली काही कारणं खरीही असतात. सावधपणा कुठे संपतो आणि जुनी भीती कुठून सुरू होते, हे तपासायची काही रीत आहे का?

कोरा_कागद
आहे. सुरुवात वेदनेपासून करा; इथे वेदना म्हणजे दुखणं नव्हे, तर सुखद, दुःखद किंवा तटस्थ अनुभूती. अभिधम्माप्रमाणे, म्हणजे चित्ताचं विश्लेषण करणाऱ्या बौद्ध ग्रंथांप्रमाणे, हिरी आणि ओत्तप्प, म्हणजे पापाची लाज आणि पापाचं भय, कुशल (चांगल्या) चित्तात असतात. त्या चित्तासोबत सोमनस्स (मनाचं सुख) असतं किंवा उपेक्षा (तटस्थ वेदना), दोमनस्स (मनाचं दुःख) कधीच नाही. घाबरून आक्रसणारं चित्त मात्र दोसमूलक, म्हणजे द्वेषातून उठणारं, म्हणून त्यात दोमनस्स असतंच.

पण चित्तं झपाट्याने पालटतात, एकाच क्षणाच्या वेदनेवरून निकाल देऊ नका. टाळल्यानंतरची काही मिनिटं बघा. ओत्तप्प आपलं काम करतं आणि थांबतं: खोटं ओठावर आलं होतं, आवरलं, मन पुन्हा श्वासावर आलं. भीतीने टाळलं तर आधी हायसं वाटतं आणि थोड्याच वेळात तीच काळजी नवं कारण घेऊन हजर होते. त्या हायसं वाटण्यावरच सवय पोसली जाते, म्हणून ती हायसं वाटण्याची वेदना नजरेतून सुटू देऊ नका.

दुसरी कसोटी अंबलट्ठिका राहुलोवाद सुत्तातली, म्हणजे बुद्धांनी राहुलाला केलेल्या उपदेशातली. कृतीच्या आधी, करताना आणि नंतर विचारायचं: यातून मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही पीडा होते का? टाळणं हीसुद्धा कृतीच धरा आणि तिलाही हाच प्रश्न लावा. सावधपणाला नेमकं उत्तर देता येतं: कोणती हानी, कुणाची, आणि काय बदललं तर पुढे जाता येईल. 'काहीतरी होईल' एवढंच हाती लागलं तर ती बहुधा सवय आहे.

चंक्रमण
शरीराबाबत सब्बासव सुत्त फार उपयोगी आहे. आसव, म्हणजे मनात खोल मुरलेले मळ, दूर करायच्या 7 रीतींत अधिवासना, म्हणजे सोसणं, आहे आणि परिवज्जनाही, म्हणजे टाळणं. थंडी, ऊन, भूक, शरीराच्या वेदना सोसायच्या. पिसाळलेला हत्ती, साप, कडा टाळायचे. दोन्ही साधनाच आहेत.

गुडघ्याचं म्हणाल तर पायाला मुंग्या येऊन उठल्यावर काही मिनिटांत जात असतील तर सहसा घाबरायचं कारण नाही. सांध्यात टोचणारी कळ, उठल्यावरही टिकणारी दुखणी किंवा पाऊल उचलताना अशक्तपणा असेल तर लगेच आसन बदला, खुर्ची घ्या. ते थांबत नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

नुसत्या भीतीसाठी भयभेरव सुत्त वाचा. बोधिसत्त्वाला, म्हणजे बोधी मिळण्याआधीच्या बुद्धांना, अरण्यात चालताना भय आलं तर ते ओसरेपर्यंत तो चालतच राहिला; बसलेला असताना आलं तर बसूनच राहिला. इथे एक चूक हमखास होते: याचं धाडस करून टाकणं. छातीत धडधड वाढतच चालली, जुना आघात उसळून आला, तर डोळे उघडा, तळव्यांचा जमिनीला होणारा स्पर्श जाणा, सावकाश चाला. झोप उडून दिवस जात असतील तर बैठका थांबवा आणि आचार्यांशी व डॉक्टरांशी बोला.

पाऊलवाट
आणि शील मोडलं असेल या शंकेने पुन्हापुन्हा उजळणी होत राहते, त्याचं काय?

पिंपळपान
ते कुक्कुच्च, म्हणजे झालेल्या गोष्टीची मनाला लागलेली रुखरुख. पाच नीवरणांत, म्हणजे ध्यानातल्या अडथळ्यांत, उद्धच्चासोबत (मनाच्या चंचलतेसोबत) त्याची गणना होते, त्याला शीलाची काळजी समजू नका. संयुत्त निकायातल्या संख सुत्तात बुद्धांनी गावच्या मुखियाला क्रम सांगितला आहे: झालं ते अयोग्य होतं हे मान्य करायचं, पश्चात्तापाने ते न झालेलं होत नाही हे ओळखायचं, पुढे ते सोडायचं आणि मग मेत्ता, म्हणजे मैत्रीभावना, सर्व दिशांना पसरायची. बहुतेकांचं अडतं ते मेत्तेपाशी. तिच्याऐवजी पुन्हा पहिल्या पायरीवर येतात. कबुली एकदाच, जाणत्या माणसापाशी द्या. कुणाचं नुकसान झालं असेल तर ते भरून द्या. त्यानंतर शंका आली की तिला उत्तर द्यायचं नाही, 'कुक्कुच्च आहे' एवढी नोंद घेऊन मेत्तेकडे वळायचं.