मदत हवी आहे: वडिलांच्या अंत्यविधीच्या खर्चाची आधीच तजवीज

वडील ८१ वर्षांचे, सोलापुरातच आमच्याकडे. ‘माझ्या मागं कुणापुढं हात पसरू नका, पेन्शनमधलं बाजूला काढा’ असं तेच सांगतात. ऐकताना जीव तुटतो, पण म्हणणं पटतं. खातं एकट्याच्या नावावर असलं की मृत्यूचा दाखला देईपर्यंत पैसे अडकतात, म्हणून ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ असं संयुक्त करून घेतलंय. तिरडीच्या सामानाचे भाव काढलेत. विम्याचं वय गेलं. दहन मोदी स्मशानभूमीत लाकडावरच, अस्थी पंढरपूरला चंद्रभागेत. तेराव्याला जेवणावळ नको, हे त्यांनी बजावलंय.

अलीकडे ज्यांच्या घरी असं झालं त्यांनी कृपया सांगावं: लाकडं, शववाहिका आणि दहाव्याचे गुरुजी धरून हातात रोख किती लागली, आणि त्यातलं महापालिकेकडून काय मोफत मिळालं?